गल्ल्याची किल्ली नव्या हाती

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे जैन समाजाला परिचित असलेल्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. वाशीम जिल्ह्यातील अशा गावांतही सोयाबीन-तुरीच्या हंगामातील देणीघेणी आता मोबाईलवर होऊ लागली आहेत. पूर्वी गल्ल्याची किल्ली कर्त्या माणसाच्या कमरेला असे; आज ती पुष्कळदा आठवी-नववीतील मुलाच्या बोटांत असते. ‘पैसे आले का, बघ रे जरा,’ असे वडीलच त्याला सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील मुले, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू शकतात. किल्ली हाती आली, तेव्हा तिचे शिक्षणही दिले पाहिजे.

पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या सायबर सुरक्षा उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन शाळांमधील मुलांना शिकवितात. ताईदादांचे बोलणे मुलांच्या मनात लवकर उतरते. शिकवायचे तेही फार अवघड नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे. ओटीपी ही खातेदाराची सहीच. ती परक्याला द्यायची नसते. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नसते. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही.

याहून महत्त्वाचा धडा कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. संगणक प्रणालीत शिरकाव करणारे दूर कोठेतरी बसले होते. परंतु बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभे राहिले ते त्यांचे हस्तक, आणि त्यांतील काही महाराष्ट्रातलेच. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. आज हेच काम भाड्याच्या खात्यांकडून करून घेतले जाते. ‘तुझे खाते वापरू दे, हजार रुपये देतो,’ या आमिषाला विद्यार्थीही बळी पडतात. चोरीचा माल दुकानात ठेवून घेणारा निर्दोष ठरत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलाला लवकर उमजते. तोच नियम खात्यालाही लागू आहे.

तरीही चूक होईल. तेव्हा मूल काय करते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे झालेल्या अनधिकृत व्यवहारांचा तोटा बँकेला कळवीपर्यंत त्याचाच असतो. कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार केल्यास पुढे सरकणारी रक्कम मध्येच गोठविता येण्याची शक्यता असते. रागाच्या धाकाने मूल रात्रभर गप्प राहिले, तर ती रात्र कुटुंबाला महाग पडते.

म्हणून या शिक्षणाचा अर्धा भाग शाळेत आणि अर्धा घरात आहे. रोजमेळात रुपयाचा फरक आला, तर जुने दुकानदार आधी फरक शोधीत. कोणाची चूक, हे नंतर पाहत. मोबाईल हाती घेतलेल्या मुलालाही घराकडून तेवढीच हमी हवी: आधी सांग, बोलणी नंतर.