लिफ्टमधला कुत्रा आणि मालकाचा हात

फेब्रुवारी २०१८. मुंबईतील वरळीच्या एका इमारतीत एक गृहस्थ आपल्या दीड वर्षाच्या मुलासह लिफ्टमध्ये होते. वाटेत एका मजल्यावर लिफ्ट थांबली आणि एक शेजारी हस्की जातीच्या कुत्र्यासह आत शिरू लागला. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबावे, अशी विनंती गृहस्थांनी केली. ती मानली गेली नाही. कुत्र्याला आत ओढले गेले आणि त्याने त्या पित्याच्या हाताचा चावा घेतला. मे २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल सात वर्षांनी, दंडाधिकाऱ्यांनी मालकास चार महिने सश्रम कारावास व चार हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. ज्या रीतीने त्या प्राण्याला फरफटत आत आणले, त्यावरून मालकाला त्याचीही कणव नव्हती, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याणच्या खडकपाड्यात राहणाऱ्यास हा प्रसंग परका वाटणार नाही. चाळी गेल्या, मनोरे आले. अंगण नाहीसे झाले, पण कुत्रा पाळण्याची हौस वाढतच गेली. सकाळी शाळेच्या वेळी एकाच लिफ्टमध्ये दप्तर घेतलेली मुले, काठी टेकणारे आजोबा आणि जिभ बाहेर काढलेला भला दांडगा कुत्रा एकत्र येतात.

दोष जातीचा की मालकाचा, हा वाद त्यातूनच पेटतो. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या वृद्धेचा मृत्यू झाला, तेव्हा देश हादरला होता. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र धाडले. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, तोसा इनू आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवावी आणि आधीच घरात असलेल्यांची नसबंदी करावी, असे त्यात म्हटले होते. एप्रिलमध्येच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते. मे महिन्यात केंद्राने नागरिकांची मते मागवली.

पिटबुलचा चावा आणि पामेरेनियनचा चावा सारखा नसतो, हे मान्यच करावे लागेल. जबड्याची ताकद ही काही कल्पना नव्हे. तरीही वरळीचा हस्की त्या यादीत नव्हता. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चार जातींवर बंदी घातली; तीन दशकांनंतर एक्सएल बुली नावाची पाचवी जात त्यांत घालावी लागली. जुलै २०२५ मध्ये मानखुर्द येथे रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल धावून गेला. तो यादीतलाच होता. पण चित्रफितीत मुलगा किंचाळत असताना मालक हसताना दिसला. त्या हसण्यावर कोणती यादी लागू पडणार?

हस्की ही सायबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढण्यासाठी घडवलेली जात. ती डोंबिवलीच्या मे महिन्यात दोन खोल्यांच्या घरात, दिवसभर बाल्कनीच्या गजाला बांधलेली असते. बँक दोन लाखांचे कर्ज देताना कर्जदाराची सारी चौकशी करते. पिल्लू विकणारा मात्र पैसे आले की नाहीत, एवढेच पाहतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये!

श्रावकाचाराची दृष्टी येथे अधिक कडक आहे. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे, म्हणजे बांधून ठेवणे व उपाशी ठेवणे हे दोन्ही दोषच. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त कुत्रा, मांजर, पोपट इत्यादींचे धनासाठी पोषण करणे श्रावकाने टाळावयाच्या व्यवसायांत मोजले आहे. पैदाशीचा आजचा बाजार त्यांनी पाहिला नव्हता.

सोसायट्यांचा उपाय म्हणजे फलक: ‘लिफ्टमध्ये कुत्र्यांस मनाई’. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्रेमालक त्या सूचनांची प्रत तत्परतेने दाखवतात. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम मात्र क्वचितच कोणी दाखवतो. प्राणी बाळगताना निष्काळजीपणा केल्यास त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कुत्र्याची नोंदणी व गळ्यातील बिल्ला यांची तरतूद आहे. सोसायटीच्या कपाटात भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीची धारिका नीट लावलेली असते. कुत्र्याच्या परवान्याची आणि रेबीज लसीच्या दाखल्याची प्रत मागून घेणारा सचिव विरळाच.