थेट सामना की झोप? सॉफ्टबॉल पाहा, पण वेळ सांभाळून

अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग ‘एयूएसएल’ जून २०२५ मध्ये सुरू झाली. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे ७ वाजतात, तेव्हा गोडदेवमध्ये पहाटेचे ४.३० झालेले असतात. सामना थेट पाहिला, तर भाईंदरहून सकाळची लोकल पकडताना डोळे मिटू लागतात.

काय पाहाल?
पिचर अवघ्या ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. वेगवान चेंडूवर बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही.

वेळ कसा सांभाळाल?
नोटिफिकेशन बंद ठेवा, म्हणजे निकाल आधी कळणार नाही. रेकॉर्डिंग संध्याकाळी पाहा. सामना सात इनिंगचा. तो संपतो, रील्स संपत नाहीत. म्हणून ऑटोप्ले बंद करा. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन ॲपला रोजची मर्यादा लावा.