खर्डें येथील दप्तराच्या चुंबकीय फिती व त्यांचें वाचन

खर्डें येथील एका जुन्या घराण्याच्या दप्तरांतील तीन रुमालांचीं छायाचित्रें सन २००६ मध्यें घेण्यांत आलीं होतीं. घेणाऱ्या गृहस्थांनीं तीं संगणकावर ठेविलीं, व पुढें सावधगिरी म्हणून तीन चुंबकीय फितींवर त्यांच्या नकला काढून त्या एका लोखंडी पेटींत ठेवून दिल्या. संगणकाची तबकडी चार वर्षांत निकामी झाली. मूळ रुमाल माळवदाच्या खोलींत होते. एका पावसाळ्यांत माळवद गळून दोन रुमालांचा लगदा झाला व तिसऱ्यास वाळवी लागली. अशा रीतीनें मूळ गेलें, पहिली नक्कल गेली, आणि तळहाताहून लहान अशा तीन डब्यांत गुंडाळलेली फीत एवढाच त्या दप्तराचा वारस उरला. गेल्या वर्षीं हे डबे आमच्या हातीं आले. त्यांचें वाचन कसें केलें, कोठें अडलें आणि काय हातचें गेलें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. कारण कागद जमविणाऱ्या अनेकांच्या कपाटांत असे डबे आज पडून आहेत, व ते उघडतांना होणारी चूक मागाहून सुधारतां येत नाहीं.

खर्डें हें अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांतील गांव वाचकांस सांगावयास नकोच. ता. ११ मार्च १७९५ रोजीं परशुरामभाऊ पटवर्धनांच्या आधिपत्याखालीं मराठ्यांनीं निजामअल्लीचा येथें मोड केला, निजामानें निंबाळकरांच्या किल्ल्याचा आश्रय घेतला, आणि अखेर आपला दिवाण मशीरुल्मुल्क यास ओलीस देऊन तह पत्करला. या लढाईचीं पटवर्धन दप्तरांतील पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं छापून काढलीं म्हणूनच आज सर्वांस उपलब्ध आहेत. तेव्हां खर्ड्याचें दप्तर म्हणतांच लढाईच्या कागदांची आशा मनांत उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. ती येथेंच सोडावी. प्रस्तुत रुमालांत लढाईसंबंधीं एकही कागद नाहीं. वतनाच्या तक्रारी, दोन महजर, पेठेच्या जकातीचे हिशेब, इनाम जमिनींचीं टिपणें असा हा ऐवज आहे. आणि आमच्या मतें तो त्यामुळें कमी मोलाचा ठरत नाहीं. लष्करें आलीं व गेलीं. पेठेंत कोण राहिलें व कोणत्या मालावर काय पट्टी बसली, हें असल्याच कागदांवरून कळावयाचें.

आतां फितीविषयीं. चुंबकीय भुकटीचा लेप दिलेली फीत फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन गृहस्थानें सन १९२८ मध्यें काढली. १९५१-५२ पासून संगणकांचे लेख तिच्यावर ठेवूं लागले. तिचा गुण व दोष एकच आहे: ती पोथीप्रमाणें मधेंच उघडतां येत नाहीं. मोडी पत्राच्या लांब गुंडाळीप्रमाणें आरंभापासून उलगडत जावें लागतें. आमच्याकडील फिती ‘डॅट-७२’ जातीच्या, म्हणजे चार मिलिमीटरांहून किंचित् अरुंद व १७० मीटर लांब होत्या. एकीवर छत्तीस अब्ज अक्षरें (संगणकाच्या भाषेंत बाइट) मावतात. हें फितीचें यंत्र २००३ मध्यें बाजारांत आलें व आतां नवें मिळत नाहीं. आम्हांस तें एका दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या मालांत सांपडलें, आणि तें जोडावयास लागणारें ‘स्कझी’ कार्ड मिळविण्यास त्याहून अधिक खटपट पडली. येथें एक गोष्ट नमूद करून ठेवितों. मोठ्या संस्था हल्लीं ज्या ‘एलटीओ’ जातीच्या फिती वापरतात, त्यांच्या यंत्रांना सातव्या पिढीपर्यंत मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचतां येत; आठव्या पिढीच्या यंत्रास (सन २०१७) केवळ सातवी वाचतां येते. म्हणजे फीत धडधाकट असून वाचक नाहींसा होणें हा प्रसंग मोडी लिपीपुरताच राहिलेला नाहीं.

यंत्र मिळाल्यावर पहिलें काम हें कीं डब्याच्या कडेची बारीक पट्टी सरकवून फीत लेखनास बंद करावी. हें आम्ही मुद्दाम आरंभीं सांगतों. फितींतून नकला काढणें व फितीवर नकला चढविणें हीं दोन्ही कामें ‘टार’ नांवाच्या एकाच आज्ञेनें होतात. हा शब्द ‘टेप आर्काइव्ह’ याचा संक्षेप असून ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या ‘युनिक्स’मध्यें प्रथम आली. आज्ञेपुढें ‘टी’ अक्षर लिहिल्यास यादी मिळते, ‘एक्स’ लिहिल्यास लेख बाहेर निघतात, आणि ‘सी’ लिहिल्यास नवा संग्रह लिहिला जातो. या ‘सी’पायीं जुनी फीत पहिल्या हातापासून खोडली जाते. ‘एक्स’च्या जागीं ‘सी’ पडावयास एका बोटाचा चुकार पुरे. पट्टी सरकविलेली असली म्हणजे यंत्र साफ नकार देतें.

पहिल्या फितीची यादी मागतांच यंत्रानें ‘स्मरणास जागा नाहीं’ अशा अर्थाची तक्रार केली. संगणकांत जागा तर मुबलक होती. याचें कारण समजण्यास फितीची मांडणी जाणली पाहिजे. आपल्या जुन्या पत्रांत जसे कागदाचे बंद एकास एक जोडलेले असतात, तसे फितीवर लेखांचे तुकडे असतात. त्यांना आम्ही येथें बंदच म्हणूं. ‘टार’ स्वभावतः १०,२४० अक्षरांचा बंद धरते. लिहिणाऱ्यानें मोठा बंद वापरला असेल, तर वाचणाऱ्याची ओंजळ लहान पडते व वरील तक्रार येते. अशा वेळीं ‘डीडी’ नांवाच्या दुसऱ्या आज्ञेस ऐसपैस ओंजळ देऊन एकच बंद उचलावयास सांगावें, आणि जें हातीं येईल त्याची लांबी मोजावी. ती ६५,५३६ भरली. तो आंकडा म्हणजे ५१२ अक्षरांचे १२८ ठोकळे. तो ‘टार’ला सांगतांच यादी झरझर उतरूं लागली.

प्रत्येक लेखाच्या आरंभीं ५१२ अक्षरांचा एक मायना असतो. त्याचीं पहिलीं शंभर अक्षरें नांवाकडे. पुढें मालकाचा व लेखाच्या लांबीचा तपशील, कालनिर्देश, आणि मायन्यांतील सर्व अक्षरांची बेरीज. आंकडे अष्टमानांत, म्हणजे आठ व नऊ हे अंक वर्ज्य करून, लिहिलेले असतात. कालनिर्देशाचा शकही निराळाच आहे: ता. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद. उदाहरणार्थ मायन्यांत ७०३३२४१६०० असा आंकडा आढळला, तर तो दशमानांत ९४,६६,८४,८०० होतो, व त्याचा अर्थ १ जानेवारी २०००, आपल्याकडील पहांटेचे साडेपांच. सुहूर सन व फसली यांचा मेळ घालण्यांत ज्यांची हयात गेली त्यांस यांत कांहींच अवघड वाटणार नाहीं. मात्र साडेपांच तासांचा फरक विसरल्यास तारीख एका दिवसानें चुकते. आमच्या पहिल्या टांचणांत ती तशी चुकलीच होती.

पहिल्या फितीची यादी संपली तेव्हां तींत तिसरा रुमाल तेवढा होता. डब्यावर मात्र ‘रुमाल १, २, ३’ असें स्वच्छ लिहिलेलें. हें कसें झालें असावें याचा उलगडा यंत्राच्या नांवांत आहे. लिनक्स प्रणालींत या यंत्रास दोन नांवें असतात, ‘एसटी-०’ व ‘एनएसटी-०’. दुसऱ्या नांवांतील आरंभींचा ‘एन’ म्हणजे ‘गुंडाळूं नये’. पहिल्या नांवानें काम केल्यास तें संपतांच फीत मुळापाशीं गुंडाळली जाते. लिहिणाऱ्यानें पहिला रुमाल चढविला, फीत परत गुंडाळली गेली, दुसरा चढविला तो पहिल्याच्या उरावर, तिसरा दुसऱ्याच्या. एकाही वेळीं यंत्रानें हूं कीं चूं केलें नसेल, कारण त्याच्या दृष्टीनें सर्व यथास्थित होतें. एका अक्षरापायीं दोन रुमाल गेले.

हे रुमाल फितीवरून संपूर्ण पुसले गेले असें मात्र नव्हे. तिसरा रुमाल लहान होता. तो जेथें संपतो तेथून पुढें जुना मजकूर फितीवर अद्यापि असला पाहिजे. परंतु लेखन संपलें कीं यंत्र समाप्तीची खूण करितें. पत्राच्या अखेरीस मोर्तब झाल्यावर पुढें कोणी ओळ वाढवूं नये असा जो संकेत, तोच येथें उलट लागू होतो: मोर्तबापलीकडील मजकूर यंत्र वाचीतच नाहीं. समाप्तीच्या जागेवर थोडें नवें लिहावयास लावून ऐन वेळीं वीज तोडावयाची, म्हणजे नवी खूण होत नाहीं व पुढची वाट मोकळी होते, अशी एक युक्ति जाणते लोक करितात. ती आम्हीं केली नाहीं. दुसरी फीत पाहण्यापूर्वीं एकुलत्या पुराव्यावर लेखणी चालविणें आम्हांस गैर वाटलें.

दुसऱ्या फितीनें आमचा निग्रह सफल केला, पण सहजासहजीं नव्हे. तिच्यावर पहिला रुमाल पूर्ण निघाला. पुढची यादी मागितली तों उत्तर रिकामें. पुन्हां मागितली, पुन्हां रिकामें. ‘दुसरी फीतही अपुरी’ असा शेरा आम्हीं वहींत लिहिला होता, तो अद्यापि तेथें खोडलेल्या स्थितींत आहे. वस्तुतः ‘टार’ संग्रहाच्या शेवटचे दोन कोरे ठोकळे पाहून थांबते. संग्रहामागून फितीवर जी विभागाची खूण असते ती ओलांडीत नाहीं. वाचक त्या खुणेच्या अलीकडच्या कांठावर उभा असतो, आणि पुन्हां वाच म्हटल्यास समोर खूणच आहे असें सांगतो. फीत पुढेंमागें करण्याची ‘एमटी’ नांवाची आज्ञा आहे. तिच्या योगें एक खूण पुढें सरकण्यास सांगितलें व यादी मागितली, तों दुसऱ्या रुमालाचें पहिलें नांव पडद्यावर आलें. त्या वेळीं खोलींत आम्ही तिघे होतों. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या रुमालाच्या मध्यावर फीत चुरगळलेली होती. तेथें वाचन बंद पडलें. अशा स्थितींत ‘टार’नें थेट लेख काढण्याचा हट्ट धरूं नये, आधीं ‘डीडी’नें फितीची जशीच्या तशी प्रतिमा तबकडीवर उतरून घ्यावी व पुढील सर्व खटपट त्या प्रतिमेवर करावी. चुकलेला बंद सोडून पुढें जावें व त्याच्या जागीं तितकीच कोरी जागा भरावी, असें ‘डीडी’ला सांगतां येतें. मात्र त्या वेळीं बंदाची लांबी बरोबर ६५,५३६ च दिली पाहिजे. ओंजळ मोठी ठेवून कोरी जागा भरावयास सांगितल्यास ती प्रत्येक चांगल्या बंदामागेंही भरली जाते व सर्व प्रतिमा विसकटते. ही चूक आम्हीं एकदां केली, प्रतिमेवरच निभावलें. नंतर ‘टार’नें खराब जागा ओलांडून पुढचा मायना स्वतःच हुडकला. मायन्यांतील बेरीज जुळते कीं नाहीं हें ती पाहते, यामुळें खऱ्या मायन्याची ओळख तिला पटते.

परंतु ही बेरीज केवळ मायन्याची असते, मजकुराची नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मजकुरांत चार अक्षरें पालटलीं तरी ‘टार’ निमूटपणें तीं काढून देते. याकरितां निघालेलें प्रत्येक छायाचित्र उघडून डोळ्यांखालून घालावें लागलें. २००६ सालींच प्रत्येक छायाचित्राचा ठसा काढून यादी ठेविली असती, तर हें काम तासाभरांत झालें असतें. आतां आम्हीं ‘शा-२५६’ पद्धतीनें चौसष्ट अक्षरांचे असे ठसे काढले आहेत व त्यांची छापील यादी छायाचित्रांपासून वेगळी ठेविली आहे. जुनी विषयवार यादीही फितीवर निघाली, पण ती त्या काळच्या एका संगणकीय टंकांत असल्यामुळें उघडतांच निरर्थक इंग्रजी अक्षरें दिसत. टंक ओळखून ती बाळबोधांत आणण्यास आणखी आठवडा गेला.

कित्येक विद्वान् फितीची थट्टा करितात, म्हणून दोन गोष्टी सांगतों. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस गूगलच्या टपालसेवेंतील कांहीं लोकांचीं पत्रें नाहींशीं झालीं, तेव्हां तबकड्यांवरील सर्व नकला त्याच दोषानें बिघडल्या असून पत्रें परत आलीं तीं यंत्रापासून अलग ठेविलेल्या फितींवरून. उलटपक्षीं, चंद्रावर मनुष्यानें पाऊल ठेविलें त्या १९६९ च्या प्रसंगाच्या मूळ फिती इतर कामासाठीं पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा संस्थेस २००९ मध्यें काढावा लागला.

तिसऱ्या फितीवर तिसरा रुमाल पुन्हां एकवार व दुसऱ्याचा आरंभीचा भाग निघाला. त्यावरून चुरगळलेल्या जागेंत गेलेल्या चार छायाचित्रांपैकीं दोन परत मिळालीं. उरलेलीं दोन एका महजराच्या अखेरच्या बंदांचीं आहेत. म्हणजे निवाडा काय झाला व साक्षी कोणाकोणाच्या पडल्या तोच भाग गेला. वाद खर्ड्याच्या पेठेंतील पाणवठ्याच्या हक्काचा आहे. महजराची एक प्रत प्रतिवादीकडे राहिली असण्याचा संभव दिसतो. जामखेड अथवा भूम बाजूच्या संग्राहकांपैकीं कोणाजवळ ती असल्यास तिचें नुसतें छायाचित्र पाठवावें. मूळ कागद घरांतून हलवूं नये.