सहा महिने आफ्रिकेहून राजस्थानात

उमेद अभियान सुरू झालं तेव्हा काही जिल्ह्यांत आंध्रच्या सीआरपी ताई गट बांधायला आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आपल्याला तेलुगू. तरी गट उभे राहिलेच ना? असंच काम सरकारच्या मदतीने देशादेशांमध्येही चालतं.

राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गाव आहे. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये तिथे जी संस्था सुरू केली, तिला बेअरफूट कॉलेज, म्हणजे अनवाणी माणसांचं कॉलेज म्हणतात. आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या वीज नसलेल्या खेड्यांतून बायका इथे येतात आणि सहा महिन्यांत सोलर दिवे बनवायला, बसवायला, दुरुस्त करायला शिकतात. त्यांना 'सोलर मामा' म्हणतात. मामा म्हणजे आपला मामा नव्हे, आई!

विमानाचं तिकीट, राहणं, जेवण हा खर्च भारत सरकारच्या 'आयटेक' योजनेतून होतो. दुसऱ्या देशांतल्या लोकांना भारतात शिकवण्याची ही योजना १९६४ पासून चालू आहे.

यातल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नाही. मग शिकतात कशा? सुट्या भागांना रंगांच्या खुणा असतात, बाकी हातवारे आणि पुन्हा पुन्हा करून बघणं. शिकवणाऱ्या बायकाही बऱ्याचदा खेड्यातल्याच.

निवड मुद्दाम चाळिशी-पन्नाशीच्या बायकांची करतात, कित्येक आज्याच असतात. तरुण पोराला सर्टिफिकेट मिळालं की तो शहराची वाट धरतो. आजी गावातच राहते. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण घर सोडून सहा महिने जायचं, हे सोपं नाही. जॉर्डनच्या एका बाईवर २०१२ मध्ये माहितीपट निघाला. तिच्या नवऱ्याने घटस्फोटाची आणि मुली काढून घेण्याची धमकी दिली, म्हणून ती शिक्षण अर्धवट टाकून घरी गेली. नंतर परत आली आणि पुरं करूनच गेली.

आता पैशांचं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात पटली. बाई निघण्याआधी गावात समिती बसते. रॉकेल, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल यावर घराचा महिन्याला किती खर्च होतो ते काढतात, आणि साधारण तेवढीच रक्कम दर घराने दिव्यांसाठी द्यायची असं ठरतं. बाई परतली की घरोघरी दिवे बसवते, बिघडले तर दुरुस्त करते, आणि तिचा पगार या वर्गणीतून निघतो. दिवे नुसते फुकट वाटले असते, तर बॅटरी संपल्यावर कोणाकडे गेले असते लोक? म्हणून आधी गावाची बैठक, वर्गणीचा ठराव आणि मग विमान.