सावलीवरून माप

प्लूटोच्या पलीकडे फिरणारा एखादा लहान बर्फाळ पिंड नेमका केवढा आहे, हे दुर्बिणीतून नुसतं बघून सांगता येत नाही. हबल दुर्बिणीतही तो प्रकाशाचा एक ठिपकाच राहतो. ठिपक्याची तेजस्विता मोजता येते. पण त्यावरून आकार काढायचा, तर पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो हे ठाऊक असावं लागतं. स्वच्छ बर्फाचा छोटा पिंड आणि काळपट पृष्ठभागाचा मोठा पिंड, दोन्ही लांबून सारखेच दिसतात. पिंडाची उष्णता मोजून हा गुंता बराचसा सुटतो. स्पिट्झर आणि हर्शेल या अवरक्त दुर्बिणींनी मोठ्या पिंडांच्या बाबतीत ते काम केलं. लहान पिंडांची ऊब मात्र इतकी क्षीण, की तिथे तोही मार्ग बंद होतो.

उरते ती सावली.

चंद्र रोहिणीला किंवा मघेला झाकतो, तेव्हा त्या घटनेला पिधान म्हणतात. असंच पिधान दूरचे बर्फाळ पिंडही घडवतात. ताऱ्याचे किरण आपल्यापर्यंत येतात ते जवळजवळ समांतर, त्यामुळे मध्ये आलेल्या पिंडाची पृथ्वीवर पडणारी सावली त्या पिंडाएवढीच असते. ही सावली सेकंदाला साधारण २० किलोमीटर वेगाने धावते. त्यातला बराचसा वेग पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाचा. वाटेत दुर्बीण लावून बसलेल्याने तारा कधी गेला आणि कधी परत आला एवढंच टिपायचं. तेवढ्या काळाला वेगाने गुणलं की पिंडावरची एक जीवा, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंतची सरळ रेघ, मिळते. शेजारच्या गावातून दुसरी जीवा, त्यापुढच्या गावातून तिसरी, आणि त्या जीवांच्या टोकांवरून पिंडाची कड आखता येते. वेळ टिपताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर मापात २ किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला जीपीएसची वेळ जोडलेली असते.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, ज्याच्या दुर्बिणीत काहीच घडत नाही त्याची रात्रही फुकट जात नाही. तारा अखंड दिसत राहिला, म्हणजे पिंड तिथवर पोहोचत नाही हे पक्कं झालं. कड कुठे संपते ते त्याच्यामुळेच कळतं.

या मापाने काही मोठे समज बदलले आहेत. २००५ मध्ये एरिस या दूरच्या बर्फाळ पिंडाचा शोध लागला, तेव्हा तो प्लूटोपेक्षा मोठा आहे असंच सगळे धरून चालले होते. पुढच्याच वर्षी प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला, त्यामागच्या वादात एरिसचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये एरिसने एक तारा झाकला, चिलीतल्या दोन ठिकाणांहून ते पिधान टिपलं गेलं आणि व्यास निघाला २३२६ किलोमीटर. न्यू होरायझन्स यानाने २०१५ मध्ये प्लूटोचा व्यास मोजला तो २३७६ किलोमीटर. प्लूटोच मोठा ठरला, थोडासाच.

कधी कधी मोजायला जावं एक आणि हाती लागतं वेगळंच. मार्च १९७७ मध्ये युरेनसने एक तारा झाकला, तेव्हा मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश क्षणभर घटत राहिला. त्यातून युरेनसची कडी सापडली. खगोलशास्त्रज्ञ जेम्स एलियट यांच्या चमूने हिंदी महासागरावरून उडणाऱ्या वेधशाळेतून हे पाहिलं. त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूर इथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून असाच घटलेला प्रकाश नोंदवला होता. २०१३ मध्ये चॅरिक्लो या जेमतेम २५० किलोमीटरच्या पिंडाभोवतीही कडी असल्याचं याच पद्धतीने उघड झालं.

पण या पद्धतीची खरी कसोटी लागली ती ॲरोकॉथच्या वेळी. प्लूटोनंतर न्यू होरायझन्सने कुठे जायचं, याचा शोध घेताना २०१४ मध्ये हबलला हा पिंड सापडला होता. सूर्यापासूनचं अंतर साडेसहा अब्ज किलोमीटर. यान तिथे पोहोचणार होतं १ जानेवारी २०१९ ला, आणि त्याआधी समोर काय येणार आहे याचा अंदाज हवा होता. अडचण सावली पडणार कुठे ही होती. त्या अंतरावर कोनाच्या एका सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूक म्हणजे पृथ्वीवर सावली सुमारे ३० किलोमीटर सरकणार. जुन्या ताराकोशांच्या भरवशावर दुर्बिणी कुठे मांडायच्या हे ठरवणं अशक्य होतं. गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने मोजलेली ताऱ्यांची स्थानं प्रसिद्ध होण्याआधीच न्यू होरायझन्सच्या चमूला देण्यात आली, म्हणून हे धाडस करता आलं.

खगोलशास्त्रज्ञ मार्क बुई यांच्या नेतृत्वाखाली ३ जून २०१७ ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात दुर्बिणी मांडल्या गेल्या. त्या रात्री सावली कुणालाच गवसली नाही. जुलैत पुन्हा संधी आली. १७ तारखेला पॅटागोनियातल्या कोमोदोरो रिवादाविया शहराच्या परिसरात २४ दुर्बिणी ओळीने उभ्या राहिल्या. हलवता येण्याजोग्या, ४० सेंटिमीटर आरशाच्या. तिकडे ऐन हिवाळा आणि वारा असा, की दुर्बीण स्थिर राहणं कठीण. वारा अडवायला स्थानिकांनी आपले ट्रक आडवे लावले. शहराने रस्त्यावरचे दिवे मालवले. गाड्यांच्या दिव्यांचा उजेड कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद ठेवला. सेकंदभराच्या घटनेसाठी एका अख्ख्या शहराने एवढं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाच दुर्बिणींत तारा नाहीसा झाला. पाच जीवा कागदावर मांडल्या तेव्हा गोल पिंड काही दिसेना. एक तर लांबुळका पिंड, नाहीतर चिकटलेले किंवा अगदी जवळजवळ फिरणारे दोन. ऑगस्ट २०१८ मध्ये आणखी एक सावली पकडायला चमू सेनेगल आणि कोलंबियात गेला. सेनेगलमध्ये पावसाळा होता, तरी तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सोबतीने नोंदी मिळाल्या. यान प्रत्यक्ष पोहोचलं आणि साडेतीन हजार किलोमीटरवरून छायाचित्रं घेतली, तेव्हा जोडलेले दोन गोळेच दिसले. पूर्ण लांबी सुमारे ३६ किलोमीटर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याला जाणाऱ्या लोहमार्गापेक्षा जराशी जास्त.

असं काम मोठ्या वेधशाळांनीच करावं असंही नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात रेकॉन नावाचं जाळं आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पन्नासहून अधिक छोट्या गावांत शाळांचे शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी लोक एकसारख्या दुर्बिणी घेऊन असतात. सावली नेमकी कुठून जाईल याची खात्री नसली तरी रांग इतकी लांब, की कुठल्या तरी दोन गावांना ती सापडण्याची शक्यता राहते. बाकीची गावं त्या रात्री कड कुठे नाही ते सांगतात.

पुन्हा ॲरोकॉथकडे. त्याची लांबी कळली तरी जाडी किती, हा प्रश्न यान पुढे निघून गेल्यावरच सुटला. मागे वळून घेतलेल्या छायाचित्रांत पिंडाची फक्त एक बारीक प्रकाशित कोर उजळली होती, बाकीचा भाग अंधारात. तेव्हा शास्त्रज्ञांनी पाठीमागचे तारे तपासले. कुठले तारे झाकले गेले आणि कुठले दिसत राहिले, यावरून अंधारातली कड आखली. दोन्ही गोळे चेंडूसारखे गोल असतील असं पहिल्या छायाचित्रांवरून वाटलं होतं. प्रत्यक्षात मोठा गोळा बराच चपटा निघाला. संपूर्ण पिंडाची जाडी भरली अवघी १० किलोमीटरच्या आसपास.