सुरीत पाणी किती?

विळा किंवा कोयता घडवून झाला की लोहार त्याला पाणी पाजतो. लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात बुडतं, चर्र आवाज होतो आणि त्या काही क्षणांत हत्याराचं नशीब ठरतं. सुऱ्यांचा संच घ्यायला दुकानात गेल्यावर आपण मात्र मुठीचा रंग, लाकडी स्टँड आणि खोक्यावरचा नगांचा आकडा पाहतो. खरं तर विचारायला हवं ते पाण्याबद्दल.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात मिसळलेला थोडासा कार्बन. साधं पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापलं की लोखंडाचे अणू वेगळी मांडणी धरतात आणि कार्बनला त्यांच्यात सहज जागा मिळते. सावकाश निवू दिलं तर कार्बन वेगळा होतो, धातू मऊ राहतो. एकदम थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि अणूंची जाळी ताणली जाते. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. ती अतिशय कठीण, पण तितकीच ठिसूळ. म्हणून पातं पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवतात. थोडा कठीणपणा जातो, बदल्यात चिवटपणा येतो. सुरीची सगळी प्रत या देवाणघेवाणीत आहे. पातं ठोकून घडवलं की पत्र्यातून कापलं, हा मुद्दा त्यापुढे दुय्यम आहे.

या कठीणपणाचं माप म्हणजे रॉकवेल अंक. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ अंकांच्या असतात, जपानी ६० किंवा त्याहून वरच्या. जपानी पातं बारीक कोनात घासता येतं आणि त्याची धार जास्त दिवस टिकते. पण लाल भोपळ्यात किंवा सुरणात रुतवून ते पिळलं, तर धारेचा कपचा उडतो. जर्मन पात्याची धार अशा वेळी बहुधा नुसती वळते आणि वळलेली धार सरळ करता येते. सुरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, कधी नारळाच्या करवंटीवरही आपटते. अशा आपल्या स्वयंपाकघरासाठी मी ५६ ते ५८चीच शिफारस करेन.

बऱ्याच जर्मन पात्यांवर ‘एक्स५०सीआरएमओव्ही१५’ अशी अक्षरं कोरलेली असतात. त्यातला ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे सुमारे १५ टक्के क्रोमियम. क्रोमियमचं महत्त्व १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीच्या लक्षात आलं. तो खरं तर बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पात्यावर अतिशय पातळ थर धरतं आणि तोच गंज थोपवतो. मिठातला क्लोराइड मात्र हा थर भेदतो. लोणच्याची फोड चिरलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये पडली, तर ‘स्टेनलेस’ पात्यावरही बारीक खड्डे पडू शकतात.

कापणं म्हणजे मुळात दाब. तोच जोर जितक्या कमी क्षेत्रावर पडेल, तितका दाब वाढतो. चांगल्या धारेची कड मायक्रॉनच्या घरात असते, माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड. कडेची जाडी वाढली की टोमॅटो चिरण्याऐवजी चेपला जातो. कांद्याच्या पेशीही बोथट सुरीखाली चिरडतात आणि डोळ्यांना झोंबणारं रसायन जास्त सुटतं. सुरी दाबण्याऐवजी पुढेमागे ओढली की जोर आणखी कमी लागतो. विळीचं वाकडं पातं हेच काम करतं, फोड त्यावरून आपोआप सरकत जाते. नवा संच आला म्हणून विळी माळ्यावर टाकू नका.

धार जाते ती कठीण वस्तूंमुळेच असंही नाही. पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेल्या केसानेही वस्तऱ्याच्या पात्याचे कपचे उडतात, असं ‘एमआयटी’च्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं. काचेच्या फळीवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरलं, तर सुरी किती लवकर बोथट होईल याची कल्पना करा. फळी लाकडाचीच हवी.

घरच्या स्वयंपाकाला तीन सुऱ्या पुरतात: सुमारे २० सेंटिमीटर पात्याचा सुरा, सोलण्या-कोरण्यासाठी लहान सुरी आणि पावासाठी दातेरी. बारा नगांच्या पैशात या तीन उत्तम येतात. त्यातून उरलेल्या पैशांत धारेचा दगड घ्यावा. खोक्यावर पोलादाचा प्रकार आणि कठीणपणा लिहिलेला नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर तो संच तिथेच ठेवा.

घरी दगड वापरायचा नसेल, तर धारवाल्याकडे सुरी जरूर द्या, पण तो काम करत असताना शेजारी उभे राहा. कोरड्या चाकावर पातं फार वेळ टेकलं की धार तापते आणि त्या २०० अंशांच्या पुढे गेली की पाजलेलं पाणी उतरतं. कडेवर निळसर-जांभळी झाक आली, तर तेवढी धार मऊ पडली असं समजा. त्याला आधीच सांगा, ‘दादा, क्षणभर टेकवा, मग पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा.’ वेळ थोडा जास्त लागेल. त्याचे दहा-वीस रुपये जास्त द्या.