सर्वांची सायकल

मुलांनो, १९६५ साली हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात काही तरुणांनी थोड्या सायकली पांढऱ्या रंगाने रंगविल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेविल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम होताच दुसऱ्यासाठी सोडावी, एवढाच नियम! मोटारींच्या गर्दीवर हा उपाय होता. पोलिसांना मात्र तो रुचला नाही. बिनकुलपाची सायकल म्हणजे चोराला आमंत्रण, असे म्हणून त्यांनी त्या जप्त केल्या. कायदाही त्यांच्याच बाजूचा होता.

पुढे १९९५ मध्ये कोपनहेगन शहराने युक्ती योजिली. नाणे घातल्यावाचून सायकल सुटत नसे, आणि ती जागेवर परत लावल्यावाचून नाणे हाती येत नसे.

२००७ साली पॅरिसने हजारो सायकली मांडल्या. घेणाऱ्याची नोंद राही. तरीही कित्येक चोरीस गेल्या, कित्येक मोडल्या. सीन नदीतील एका पडावावर त्यांच्या दुरुस्तीचे काम चाले.